कलम खंयचें?

माझ्याकडे एक कात्रण आहे. कपाटातल्या फाइलीत, मुलांच्या जन्मदाखल्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पाकिटात. सोळा-सतरा वर्षं झाली असतील. कागद कडांनी तांबूस पडलाय, अक्षर मात्र स्वच्छ आहे. मी काही स्वतःची कात्रणं जपणाऱ्यातला नव्हे. तेहतीस वर्षं गोव्यातल्या एका मराठी दैनिकात काढली, आधी जाहिरातींच्या खिडकीत आणि मग डेस्कवर, आणि एवढ्या काळातलं घरी आणून ठेवलेलं हे एवढंच. बातमी अशी:

"नोकरभरतीत अन्यायाची तक्रार. पणजी, दि. १२ (प्रतिनिधी) : किनारी भागातील एका आस्थापनाने, निवड झालेल्या सत्तरी तालुक्यातील एका युवकाला काही कारणास्तव ऐनवेळी नोकरी नाकारल्याची तक्रार करण्यात आली आहे. सदर युवकाने हॉटेल व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला असून संबंधितांनी या प्रकरणी लक्ष घालावे, अशी मागणी त्याने केली आहे."

संपली बातमी. पाचव्या पानावर, डावीकडे खाली, एका पंचायतीच्या निविदेच्या डोक्यावर.

आता यावरून काय झालं ते सांगा बघू. नाही सांगता येणार. मी ती तशीच केली होती. वार्ताहराने लिहिलेला मजकूर चार परिच्छेदांचा होता, त्याच्या सात ओळी करणारा हात माझा. कुणी वरून दबाव आणला असं म्हणायची सोय नाही. वृत्तसंपादकांनी पान बघितलं, मान हलवली आणि चहा मागवला, एवढंच.

मुलगा वाळपईचा. त्याचं पाळण्यातलं नाव असं, की ते दोन्हीकडे चालतं. समीर, कबीर अशी असतात ना नावं, त्यातलं. आडनाव ऐकल्याशिवाय कळायचं नाही. हॉटेलात दोन मुलाखती झाल्या, दोन्ही वेळा नुसत्या नावाने हाक मारत. निवड झाली. गणवेशाचं माप घेतलं. शर्टाची कॉलर पंधरा, हेही त्याने वार्ताहराला सांगितलं होतं. अशा वेळी माणसाला काय काय आठवतं. छातीवर लावायच्या पट्टीवर काय नाव घालायचं तेही विचारून झालं. मग कागदपत्रं द्यायच्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला टेबलावर गेला. बाईंनी तो वाचला, उठून आतल्या खोलीत गेल्या, दहा मिनिटांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सीझन संपल्यावर बघूया." नोव्हेंबर होता. सीझन नुकता कुठे सुरू होत होता. फाटकावरच्या रखवालदाराने, जो ओळखीचा होता, नंतर कानात सांगितलं की, किचनमधल्या इतरांना अडचण होईल असं साहेबांचं म्हणणं पडलं.

वार्ताहराने हॉटेलात फोन केला होता. आमच्याकडे सगळ्या धर्मांचे लोक काम करतात, असं उत्तर मिळालं. ते खोटं असेलच असंही नाही. मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही की त्या दहा मिनिटांत आतल्या खोलीत नेमकं काय बोलणं झालं. रखवालदाराचा शब्द म्हणजे पुरावा नव्हे.

पण मी बातमी कापली ती पुरावा नव्हता म्हणून, असं म्हटलं तर ते मात्र खोटं ठरेल. पुराव्याशिवायच्या बातम्या आम्ही रोज छापत होतो. "असे सूत्रांकडून समजते" हे वाक्य टंकताना कुणाचा हात कधी थांबला नाही. मी कापली, कारण मी ती नेली तेव्हा गुन्हे वार्ता बघणारा आमचा सहकारी खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "कलम खंयचें?"

आमच्या कचेरीत बोलणं सगळं कोकणीत आणि लिहिणं सगळं मराठीत. भांडणं कोकणीत व्हायची, दिलगिरी मराठीत छापून यायची. तर, कलम कोणतं? प्रश्न अगदी धंद्यातला होता. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद झाला, की बातमीला पाय फुटतात. क्रमांक मिळतो, कलम मिळतं, निरीक्षकाचं नाव मिळतं आणि "पुढील तपास सुरू आहे" असं शेवटचं वाक्य मिळतं. इथे काय होतं? राज्यघटनेचं सोळावं कलम धर्माच्या कारणावरून नोकरीत भेदभाव करायला मनाई करतं, ते सरकारी नोकरीपुरतं. खाजगी मालकाला ते लागू नाही. अपंगांसाठी, एचआयव्हीबाधितांसाठी, तृतीयपंथीयांसाठी २०१६ ते २०१९ च्या दरम्यान जे कायदे आले त्यांनी खाजगी नोकरीतल्या भेदभावालाही हात घातला. धर्माच्या बाबतीत तसा सरसकट कायदा देशात नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग नेमा अशी शिफारस केली, ती कागदावर राहिली.

उलट धर्माच्या अपमानाला कलम आहे. जुन्या दंडसंहितेत २९५-अ होतं, आता न्याय संहितेत २९९ आहे. म्हणून कुणी कुणाच्या दैवताबद्दल काही बरळला, की दुसऱ्या दिवशी पहिलं पान तयार. २०२४ च्या ऑक्टोबरात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाची डीएनए चाचणी करा, अशी मागणी एका नेत्याने केली. मडगावात लोक रस्त्यावर उतरले, रस्ते अडले, आणि आठवडाभर आम्हाला दुसरं काही छापायला सवड नव्हती. मी त्या वेळी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पानं लावली. त्या आठवड्यात धर्मामुळे गोव्यातल्या कुठल्या दुकानात, कुठल्या लॅबमध्ये, कुठल्या किचनमध्ये कुणाला "नंतर बघूया" ऐकावं लागलं असेल, हे कुठल्याच पेपरात नव्हतं. असणारही नव्हतं.

बायकांच्या बाबतीत हेच आम्ही एकदा बघितलंय. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला, त्याआधी कचेरीतली बाई साहेबाविषयी काही सांगू लागली की ती कुजबुज असायची. निकाल आला, पुढे २०१३ साली कायदा आला, कचेऱ्याकचेऱ्यांत समित्या झाल्या, आणि त्या कुजबुजीला बातमीचा आकार मिळाला. साहेब काही १९९७ मध्ये बिघडले नव्हते. आम्हाला लिहायला शब्द मिळाले.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा पेपर घेऊन कचेरीत आला. सोबत आई होती. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पदविकेचं प्रमाणपत्र आणि शाळेत वक्तृत्वात मिळालेलं एक. ते कशाला आणलं होतं कोण जाणे, बहुधा मुलगा चांगला आहे हे आम्हाला पटावं म्हणून. त्याने पाचवं पान माझ्यासमोर पसरलं, बातमीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "भाई, हातूंत हांव खंय?"

यात मी कुठे आहे? मी काहीतरी बोललो. पेपरची बंधनं असतात, नाव छापलं तर तुलाच पुढे त्रास, असलं काहीतरी. यातलं दुसरं थोडं खरंही होतं. आई म्हणाली, "आसूं दी, बाबा," आणि दोघं जिना उतरून गेली. ती हे मला म्हणाली की मुलाला, ते मला कळलं नाही. कात्रण मी त्या संध्याकाळी कापून घरी नेलं.

माझी पेपरातली सुरुवात छोट्या जाहिरातींच्या खिडकीत झाली, १९९१ साली. शब्दावर दर. "पाहिजेत" हा स्तंभ माझ्याकडे. मला वाटतं गोव्याबद्दल जे काही शिकलो ते त्या खिडकीत, डेस्कवर नव्हे. कारण बातमी लिहिताना माणूस शहाण्यासारखं बोलतो, आणि जाहिरात देताना पैसे मोजून बोलतो, म्हणजे जे हवं तेच बोलतो. "दुकानासाठी हिंदू मुलगा पाहिजे." "घरकामासाठी कॅथलिक बाई पाहिजे, राहून." "फक्त शाकाहारी." "चांगल्या घराण्यातील." फोंड्याचे एक भुसारी दुकानदार दर सहा महिन्यांनी यायचे, कारण त्यांच्याकडे माणूस टिकायचा नाही. स्वभाव तसा होता त्यांचा. एकदा मी धीर करून विचारलं, "शेट, हिंदू हा शब्द काढला तर तेवढेच पैसे वाचतील." ते म्हणाले, "मग शाकाहारी घाल." मी म्हटलं, शब्द एकच होतो, दर तोच. त्यांनी क्षणभर विचार केला. "मग हिंदूच राहू दे," म्हणाले, "शाकाहारी म्हटलं की बामणच येतात, आणि ते पोती उचलत नाहीत."

मी हसलो होतो. आज लिहितानाही हसू येतं, आणि येतं याची थोडी शरम वाटते.

नंतर अशा जाहिरातींतले उघड शब्द कमी होत गेले. पाहिजेत मध्ये आता धर्म दिसत नाही. "जवळपास राहणारा", "ओळखीचा दाखला आवश्यक". दाखल्यावर काय दिसतं ते वाळपईच्या मुलाला विचारा.

नेमक्या असल्याच जाहिरातींना धरून एक फार हुशारीचं संशोधन झालेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी इंग्रजी दैनिकांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सगळं तोलामोलाचं. फरक फक्त नावात. एक उच्चवर्णीय हिंदू वाटणारं, एक दलित, एक मुस्लीम. २००७ साली निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय नावाशी तुलना करता, पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याच्या शक्यतेचं प्रमाण दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, आणि मुस्लीम नावाला सुमारे एक तृतीयांश. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती पद्धत. एकट्या माणसाला आपल्याला का नाकारलं हे कधीच सिद्ध करता येत नाही. त्या दहा मिनिटांना साक्षीदार नसतो. हजारो अर्जांची चळत एकावर एक रचली, की मग ते दिसतं. पण पेपरला चळत नको असते, माणूस हवा असतो, फोटोसकट. आणि माणूस आला की आम्ही म्हणतो, पुरावा आण.

पुरावा एकदा खरोखर आला होता, आपल्या शेजारीच, मुंबईत. २०१५ साली एमबीए झालेल्या एका मुस्लीम तरुणाने हिरे निर्यात करणाऱ्या कंपनीत अर्ज केला, आणि पंधरा-वीस मिनिटांत उलट टपाली ईमेल आला: आम्ही फक्त बिगरमुस्लीम उमेदवार घेतो. लेखी! देशभर पहिल्या पानावर बातमी झाली. शिकाऊ कर्मचाऱ्याची चूक, असा कंपनीने खुलासा केला. गुन्हा नोंद झाला तो राष्ट्रीय एकात्मतेला बाधक विधानांसाठी असलेल्या कलमाखाली, म्हणजे आक्षेप नकारावर नव्हता, तो शब्दांत मांडण्यावर होता. त्या शिकाऊ मुलीने "सीझननंतर बघूया" एवढंच लिहिलं असतं, तर काहीही झालं नसतं. मला त्या प्रकरणातली आठवते ती वेगळीच गोष्ट. त्या तरुणाच्या दोन वर्गमित्रांची तिथे निवड झाली होती. दोघे हिंदू. दोघांनी ती नोकरी सोडून दिली. आमच्या पानावर ही ओळ शेवटच्या परिच्छेदात होती आणि जागा कमी पडली तेव्हा ती पहिली गेली. मीच काढली असेल असं नाही, पण नसेल असंही म्हणवत नाही.

"गोंयांत अशें कांय ना." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि इतक्यांदा छापलंय, की ते मला राज्याच्या बोधचिन्हावर कोरलंय असं वाटतं. आणि ते अगदीच पोकळ नाही, हीच तर अडचण. दर वर्षी ईस्टरनंतर म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त होतं. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण, असं हिंदूही मानतात आणि तेल घेऊन रांगेत उभे राहतात. माझी आई जायची. आमच्या पेपरात त्याचा फोटो दर वर्षी यायचा, साडीतली कुंकू लावलेली बाई आणि मागे इगर्जीचा, म्हणजे चर्चचा, पांढरा दर्शनी भाग, आणि खाली "धार्मिक सलोख्याचे दर्शन". फोटो खरा असतो. रांगही खरी असते. फक्त रांगेतली बाई सोमवारची रजा टाकून आलेली असते, आणि तिच्या शेजारी उभी असलेली दुसरी बाई तिच्याच कंपनीत नाताळच्या दिवशी कामावर असते.

कारण गोव्यात नाताळ म्हणजे हॉटेलांचा भरसीझन. पर्यटक गोव्याचा ख्रिसमस बघायला येतात आणि तो दाखवायला जी माणसं लागतात त्यांना तो घरी करता येत नाही. याला भेदभाव म्हणायचं का? मी म्हणणार नाही, धंद्याची गरज आहे, डॉक्टर-पोलीसही सणाला कामावर असतात. पण चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, किनाऱ्यावरच्या त्याच हॉटेलांतली अर्धी माणसं गावी गेलेली असतात आणि व्यवस्थापन ते आधीपासून गृहीत धरून चालतं, हेही बघितलंय. एका सणाची रजा ठरलेली असते, दुसऱ्याची मागावी लागते.

२०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका टपाल कर्मचाऱ्याच्या प्रकरणात निकाल दिला. पेन्सिल्व्हेनियाचा माणूस, श्रद्धाळू ख्रिस्ती, रविवारी पार्सलं वाटायला नकार देणारा. न्यायालयाने एकमताने सांगितलं की कर्मचाऱ्याच्या धर्मपालनाची सोय करणं जमत नाही असं मालकाला म्हणायचं असेल, तर किरकोळ गैरसोयीचं कारण पुरणार नाही. धंद्यावर भरीव बोजा पडतो हे दाखवावं लागेल. वृत्तसंस्थेची ती बातमी मराठीत करायला माझ्याकडे आली. अर्धा तास अडून बसलो. मालकाने नोकराच्या धर्मासाठी करायच्या या तडजोडीला मराठीत काय म्हणायचं? "सवलत" म्हटलं तर मेहेरबानी वाटते, "सोय" म्हटलं तर धर्मशाळा आठवते. शेवटी "सामावून घेणे" असं लिहिलं, विदेश पानावर दोन कॉलम लागली, आणि मी घरी गेलो. वास्कोतल्या कुठल्या कारखान्यात शुक्रवारच्या नमाजाला अर्धा तास मिळतो की नाही, हे विचारायला त्या आठवड्यात कुणी गेलं नाही.

दमण-दीव तर आमचीच भावंडं, १९८७ पर्यंत एकाच घरातली. २०१९ साली तिथल्या प्रशासनाने गुड फ्रायडे सक्तीच्या सुट्ट्यांतून काढून ऐच्छिक यादीत टाकला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. गोव्यातल्या इंग्रजी पेपरांनी ते ठळक छापलं, मराठीत ते तितकं उठून दिसलं नाही. हे आमच्याकडचं उघड गुपित आहे. मराठी पेपरचा वाचक बहुतेक हिंदू, इंग्रजी पेपर कॅथलिक घरांत जास्त. १९०० पासून पोर्तुगीजमध्ये निघणारं ओ हेराल्दो १९८३ साली इंग्रजी झालं ते उगाच नव्हे. वाचकाच्या मुलांची भाषा बदलली होती. २०११ च्या, शाळांतल्या शिक्षणाच्या माध्यमप्रश्नाच्या वेळी दोन्हीकडची पानं शेजारी ठेवून वाचली असती, तर ही दोन वेगळी राज्यं आहेत असं वाटलं असतं. प्रत्येक पेपर आपल्या वाचकावर होणारा अन्याय ओळखतो. त्याच्या वाचकाने केलेल्या अन्यायाला मात्र "काही कारणास्तव" लागतं.

मुस्लिमांचा तर कुठलाच पेपर नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यात हिंदू ६६.०८ टक्के, ख्रिस्ती २५.१० आणि मुस्लीम ८.३३. त्या सुमाराला आमच्या संपादकीय विभागात बावीस माणसं होती. कॅथलिक एक, तो फुटबॉल बघायचा. मुस्लीम एकही नाही.

संपादकीय विभागात नाही, म्हणजे इमारतीत नाही असं नव्हे. आमच्या डीटीपी विभागात एक मुलगी होती, सांखळीची. मराठी शाळेत शिकलेली. श्रीलिपीत तिचा हात असा चालायचा की पाऊस पत्र्यावर. पण तिचं खरं कसब वेगळंच होतं. ती टंकताना वाचायची. डीटीपीवाले सहसा वाचत नाहीत, वाचलं तर वेग जातो. ही वाचायची, आणि चुकीच्या जागी प्रुफाच्या समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह टाकून पान परत पाठवायची. स्वतः दुरुस्त करायची नाही, कारण तो तिचा अधिकार नव्हे. चवथीच्या पुरवणीची प्रुफं आम्ही तिच्याकडेच द्यायचो. आरत्यांच्या पानातले विसर्ग, मंत्रपुष्पातले जोडाक्षर, माटोळीला बांधायच्या फळांची नावं, सगळं तिला पाठ. भेंडीने "माटोळी" ऐवजी "माटोडी" पाठवलं की समासात प्रश्नचिन्ह. (भेंडी हे आमच्या एका वार्ताहराचं टोपणनाव. कारण विचारू नका.)

एकदा उपसंपादकाची जागा निघाली. तिने अर्ज केला. पदवी होती, मराठी घेऊन. संपादकांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. संपादक सज्जन माणूस, हे मी आजही म्हणेन. गरिबांच्या मुलांच्या फिया गुपचूप भरणारे. ते म्हणाले, "हुशार आहे, प्रश्नच नाही. पण उद्या एखाद्या देवस्थानच्या महाजनांचा वाद आला, दोन्ही गट कचेरीत आले, तर तिच्याशी ते मोकळेपणाने बोलतील? तिलाच अवघड होईल." आवाजात काळजी होती. खरीच होती. गोव्यातल्या पेपरात महाजनांचे वाद म्हणजे पावसाइतके नियमित, त्यामुळे मुद्दा बिनतोड वाटला. मी मान डोलावली. उपसंपादक टेबलावर बसून मजकूर तपासतो, महाजनांशी बोलायला वार्ताहर असतो, हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं असतं तर मी बोललो असतो का, कोण जाणे.

जागा एका मुलाला मिळाली. तो "आशिर्वाद" असं लिहायचा. पुढची तीन वर्षं त्याच्या आशिर्वादातली पहिली शि ती पेन्सिलीने गोल करत राहिली.

तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. सांगायची गरज पडली नाही. मी तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो, तिने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "भाई, जागो भरलो?" मी म्हटलं, भरलो. "बरें," म्हणाली आणि पुढचं पान उघडलं.

माझे आजोबा डिचोलीच्या फाझेंदीत, म्हणजे पोर्तुगीजांच्या महसूल कचेरीत कारकून होते. सेगुंद ग्राव पास झालेले. ते सांगायचे, त्यांच्या वडिलांच्या काळात हिंदूला सरकारी खुर्ची मिळणं किती दुरापास्त होतं. मग १९१० साली पोर्तुगालात राजा गेला, रिपब्लिक आलं, आणि हिंदूंना दारं उघडली. सोळाव्या शतकात तर हिंदूंना सरकारी अधिकाराच्या जागा देऊ नयेत असे हुकूमच निघाले होते. गंमत म्हणजे, हुकूम निघायचे आणि कर गोळा करायला पुन्हा हिंदूच लागायचे. जमाखर्च ठेवायला चालत होता, खुर्चीवर चालत नव्हता. आजोबा हे सांगताना दर वेळी चिडायचे, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट असूनही. ती चीड आमच्या घरात वारशाने आली, चांदीच्या ताम्हनासारखी. संपादकांच्या खोलीत मान डोलावताना मला आजोबा आठवले नाहीत. चवथीची पुरवणी तपासायला चालत होती, हे वाक्य आत्ता लिहिताना आठवतायत.

ते सात ओळींचं प्रुफही तिच्याकडूनच आलं होतं. म्हणूनच मी कात्रण ठेवलंय, हे आता सांगून टाकतो. "काही कारणास्तव" या दोन शब्दांखाली तिने पेन्सिलीची रेघ ओढली होती आणि समासात लिहिलं होतं, "कोणत्या?" एरवी ती नुसतं प्रश्नचिन्ह टाकायची. मी ते खोडलं, बाजूला "राहू दे" लिहिलं आणि पान सोडलं. प्रुफं आम्ही महिनाभराने रद्दीत घालायचो, ते गेलं. कात्रणात समास नाही.

लग्न आधीच झालेलं, वाळपईला दिलेली. पुढे तिने नोकरी सोडली आणि घरीच टायपिंगची कामं घेऊ लागली. चवथीला आणि नव्या वर्षाला फोन येतो. मागच्या महिन्यात अवेळी आला. थोरला मुलगा रसायनशास्त्रात पदवीधर झालाय, वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत अर्ज करतोय. बायोडाटा मेलवर पाठवते, इंग्रजी एकदा बघून द्या, म्हणाली. मग थोडं थांबून, "भाई, नांव पुराय घालपाचें काय फकत पयलें?" नाव पूर्ण घालायचं की फक्त पहिलं?

मुलाचं पहिलं नावही दोन्हीकडे चालतं.

मी म्हटलं, पुराय घाल. तिने "बरें" म्हटलं, तेच ते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ती असं का विचारते हे मी विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

बायोडाटा नीट होता. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे पडले होते. तेवढे बदलून फाइल परत पाठवली.